काऊन न विचारता

१६ मार्च २००४, मंगळवार
चामोर्शीकडचं गाव. जिजा, वय दहा. बाप लहानपणीच गेला. आई दोन वर्षांपूर्वी मार्कंड्याच्या, नदीकाठच्या देवळाच्या, यात्रेतून परतलीच नाही, कोणाबरोबर तरी गेली म्हणतात. पोरगी चुलतीकडे, यशोदाबाईंकडे. शाळेतून दोनदा पळाली, दोन्ही वेळा रस्त्यावर सापडली. मास्तरांचं म्हणणं, चुलती छळत असणार, बालगृहात घाला. ३० तारखेला बालकल्याण समितीपुढे मी, चौकशी करणारी म्हणून, मत द्यायचं.
खूप विचारलं. पोरगी परकराची नाडी चघळत बसली. यशोदाबाई: "बोलत नाई वो बाई ते. बोलून बोलून आमीच थकलो." चहा मात्र दिला, काळा, गूळ घालून. चौकशीला आलेल्या परक्या बाईला अंगणात बसू दिलं, हेच केवढं.

१७ मार्च
माझी खोड. एस.टी.त बसलं की झालेलं बोलणं दोन्ही बाजूंनी मनात पुन्हा म्हणायचं. ओठ हलतात, कंडक्टर बघतो. काल माझीच बाजू लांबत गेली. काऊन पळालीस? काऊन सांगत नाहीस? आमच्या घरी आईचं "काऊन वो?", म्हणजे 'का ग?', आलं की पाठोपाठ धपाटा यायचा. उत्तर कोणाला हवं असायचं! पोरीने तोंड मिटलं, शहाणीच म्हणायची.
ती निघाली कुठे होती, हे मी विचारलंच नाही. मास्तरांनीही नाही. सगळे आपले 'पळाली' यातच अडकलो.

२३ मार्च
काल अंगणवाडीच्या बाईंकडे मुक्काम. उजाडायला यशोदाबाई न जिजा मोहफुलं वेचायला निघाल्या, मीही टोपली घेऊन मागे. कंबर मोडली. मग मी, फुलं वेचता वेचताच: "त्या दिवशी कुठी जात होतीस ग?"
"मार्कंड्याले."
"बरं. मग?"
"मायनं सांगतलं होतं, इथी पायरीवर बस, मी येतो. मी बसली. मंग मोठे बाबा आले न मले घरी घेऊन आले." (मोठे बाबा म्हणजे चुलते, यशोदाबाईंचे यजमान.) फूल टोपलीत टाकत, "माय आली असन, त मी दिसली नसन तिले."
यशोदाबाईंचे हात थांबले. वाटलं, आता ओरडणार. त्या म्हणाल्या, "मले सांगतली असती त मी आली असती न तुह्यासंग."
डोळे भरले ते पदराला पुसले. माझी टोपली बघून यशोदाबाई, "बाई, एवढ्यात त तुमची रोजी नाई निघाची." हसलो तिघी. या दोघींनी मला आज जे ऐकू दिलं, त्याचे उपकार कसे फेडू.

२६ मार्च
मत लिहिलं. पोरगी पळत नव्हती, आईची वाट बघायला जात होती. चुलतीकडेच राहू द्यावी.
ऑफिसात वरिष्ठ मॅडम: "आणि पुन्हा एकटी गेली तर? नदी आहे तिथे." खोटं नाही त्यांचं. घरी येऊन तेच वाक्य घोळवत बसले. भात करपला. भीती वाटते, पण मत बदलवत नाही.

३० मार्च
गडचिरोली. समितीने नीट ऐकलं, जिजाला दटावलं नाही. बरं वाटलं. निर्णय पुढच्या तारखेला. तोवर चुलतीकडे.
स्टँडवर गावाची गाडी लागली होती. यशोदाबाई चढल्या नाहीत. "मार्कंड्याकडची कोणती वो, बाई?"
म्हटलं, आज? दमल्या असाल.
"आजच. घरून निघालोच हाओ त जाऊन येतो. जिजा बसन पायरीवर, मी बसन बाजूले."
जिजाने त्यांच्याकडे वर बघितलं. "न माय नाई आली त?"
"त दोघी वापस येऊ."