स्टॉप लॉस आणि हिचा खुबा

३ मार्च
आजपासून शिस्त. हिच्या खुब्याचं ऑपरेशन मे महिन्यात. तोवर त्याचे पैसे बँकेत नुसते झोपा काढणार. सगळ्याचे एकाच कंपनीचे शेअर घेतले, भाव १००. मेहुणा बँकेत आहे. म्हणाला, स्टॉप लॉस लावा दाजी, ९२ झाले की आपोआप विकले जातील, तुमचं मन मध्ये येणार नाही. लावला. आता भावनांना प्रवेश बंद.

६ मार्च
१०४. हिला म्हटलं, ऑपरेशननंतर घरी नर्स ठेवू. म्हणाली, आधी ऑपरेशन तर होऊ दे. हिला दूरचं दिसत नाही.

११ मार्च, सकाळी
९३. मशीनला कंपनीची काय कदर? स्टॉप लॉस ८५ वर नेला. हे नियम मोडणं नव्हे, जरा सैल करणं.

दुपारी
८६. काढूनच टाकला. डोकं एकदम शांत. जेवण गेलं नाही, पण ते पित्तामुळे.

१९ मार्च
७१. मेहुण्याचा फोन. विकले गेले ना, म्हणाला. हो म्हटलं. मनाने विकलेच होते.

२ एप्रिल
५८. कंपनीच्या हिशेबात घोळ असल्याची बातमी. पेपरवाल्यांना दुसरा उद्योग नाही. ९५ आला की मात्र लगेच बाहेर पडायचं. शब्द म्हणजे शब्द.

२० एप्रिल
३४. हिला घेऊन डॉक्टरांकडे. तारखेचं निघालं तेव्हा मीच म्हणालो, घाई कशाला, व्यायामाने बघू. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. सांध्यात काही उरलेलं नाही म्हणाले. ही माझ्याकडे बघत होती, मी पंख्याकडे. बाहेर आल्यावर हिने विचारलं, पैसे आहेत ना? म्हटलं, आहेत, जरा अडकलेत.

६ मे
९. हिला सगळं सांगून टाकायचं ठरवलं. १५ झाला की सांगतो.

८ मे
सांगावं लागलं नाही. मेहुण्याने शोधून काढलं, हिला फोन केला. ही भांडली नाही. म्हणाली, आता फारसं दुखतही नाही. ऐकून बरं वाटलं. व्यायामाचा गुण असणार.
दुपारी दूध आणायला गेली. बराच वेळ खिडकीतून दिसेना, म्हणून दार उघडलं. खालच्या मजल्यावर होती. कठडा धरून, बसून, एकेक पायरी खाली सरकत होती. शेजारीण पिशवी घेऊन पुढे थांबली होती.
मी दार लावून घेतलं. कडीचा आवाज होऊ दिला नाही.