मेणाचा दोरा

रविवार, सकाळचे अकरा

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. थोरल्याने पत्र असंच सुरू करायचं असतं, म्हणून लिहिलं. आम्ही ठीक. हवा पालटली की तुझ्या वहिनीचा गुडघा धरतो, बाकी तक्रार नाही. तू खुशाल असशीलच. न मागता अक्कल वाटणारी माणसं सहसा खुशाल असतात.

तुझं कार्ड पोचलं. चौदा वर्षांत एक अक्षर नाही, आणि आता एकदम कार्डभर, तेही नंबर घालून. ‘गाडी उभ्या उभ्या डुलते असं वहिनी फोनवर म्हणाली. गिऱ्हाईक परत गेलं म्हणे. कुठून तरी हवा ओढत असेल. खाली लिहिलंय तसं तपास. कविता करत बसू नकोस.’ वहिनी तुला फोन करते, हे मला या कार्डावरून कळलं. घरचा भेदी असा सापडतो.

गाडी विकायला काढली होती आणि गिऱ्हाईक परत गेलं, हे खरं. बॉनेटवर हात ठेवून तो दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, हिला थंडी वाजतेय." मी म्हटलं, वय झालं की सगळेच थरथरतात. खरं सांगायचं तर मला ती थरथर आवडायची. दर रविवारी मी गाडी नुसती सुरू करायचो, काचा खाली करून आत बसायचो आणि शाळेतल्या कविता म्हणायचो. इंजिन मध्येच दम टाकायचं, मग घाईघाईने चार पावलं पळायचं, पुन्हा रेंगाळायचं. मला वाटायचं, हिलाही काहीतरी आठवतंय. हस तू. हसण्यात तू लहानपणापासून पटाईत.

शाळेत आपले दोन वर्ग एकाच खोलीत बसायचे. गुरुजी टेबलावर बोटं आपटून चाल शिकवायचे. मला शंभर कविता पाठ, तुला एक धड येत नव्हती. पण म्हणताना कोणी एक अक्षर गाळलं, की सगळ्यांत आधी तुझी मान वर. अर्थाशी तुझं देणंघेणं नसायचं, चूक मात्र बरोबर ऐकू यायची. त्याचा मला तेव्हाही राग यायचा.

असो. हुकमाप्रमाणे तपासलं.

पहिलं तू लिहिलंस, इंजिन गरम करून ऐक, ठराविक ठोका चुकतोय की सगळंच खालीवर होतंय. सगळंच खालीवर होत होतं.

दुसरं, प्लगच्या वायरी एकेक काढून बघ. कोरड्या कापडाने धरून काढल्या, तरी झटका बसला. कार्डाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात तू लिहिलं होतंस, ‘झटका बसेल.’ मोठं लिहायला हात दुखत होता का? चारही वायरींना इंजिन सारखंच खचलं. म्हणजे प्लग निर्दोष.

तिसरं, सांध्यांवर पाणी उडव. इस्त्रीची बाटली घेऊन कार्बोरेटरच्या बुडापर्यंत सगळं भिजवलं. फरक शून्य. मला फार बरं वाटलं. "तुझा दीर चुकला," असं मी अंगणातून वहिनीला सांगितलंसुद्धा. ती खिडकीतून म्हणाली, "चौथं वाचलंत का?"

चौथं, रबरी पाइप एकेक करून पकडीने हलके दाब. जो दाबल्यावर इंजिन शांत होईल, तो चोर.

तिसऱ्या पाइपाला इंजिन शांत झालं. गळालेलं अक्षर कोणी ओळीत परत आणून ठेवावं, तसं एकसारखं चालू लागलं. पकड सोडली की डुलायचं, दाबली की स्थिर. मी सात-आठ वेळा करून पाहिलं.

कुठला पाइप ते लिहायच्या आधी मी उठून चहा करून आलो. दोनदा.

ब्रेकच्या बूस्टरला जाणारा जाड काळा पाइप. आता तू हातातला पाना खाली ठेवला असशील. ठेवू नकोस, वाच.

मोटारदुरुस्तीचं एक जुनं पुस्तक आपल्या कपाटात आहे. मीच बांधलेलं. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, वाचली फक्त कवितांची. काल हे उघडलं. त्यात लिहिलंय की हा पाइप फुटला तर दोन गोष्टी होतात. इंजिन डुलतं आणि ब्रेकचं पेडल कठीण होतं. तू केलेल्या ब्रेकच्या कामात खोट असती, तर पेडल खाली बसलं असतं.

अपघाताच्या दिवशी इस्पितळात शुद्धीवर आल्या आल्या तुझी वहिनी म्हणाली होती, "पेडल दगडासारखं झालं हो. उभी राहिले त्याच्यावर, तरी हललं नाही." मी उशाशी होतो. मी ऐकलं होतं.

तिथून मी तुझ्या गॅरेजच्या दारात आलो. सहा गिऱ्हाइकांसमोर काय बोललो ते तुला पाठ असेल. जन्मात तेवढं एकच पाठ केलंस. "सख्ख्या वहिनीचे ब्रेक याला जमले नाहीत, तुमचे काय जमणार?" तू उलटून बोलला नाहीस. म्हणालास, "दादा, मला फक्त बॉनेट उघडू दे." मी म्हटलं, माझ्या गाडीला हात लावलास तर हात तोडीन. वर्षाच्या आत तुझं शटर खाली आलं. आज या वयात तू परक्या गावी, दुसऱ्याच्या गॅरेजात सुटे भाग पुसतोस.

बॉनेट का उघडू दिलं नाही, ते सांगतो.

तू ब्रेक करून गाडी दिलीस, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी इंजिन पुसत होतो. कोपर लागलं आणि त्या पाइपाचं टोक बूस्टरपाशी चिरलं. तुझं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे. पण तू हसला असतास. "कवी, तू आपली पानं शीव," म्हणाला असतास, आणि तुझ्या माणसांनी दात काढले असते. म्हणून मी घरीच शिवलं. बांधणीच्या कापडाची पट्टी गुंडाळली, तिच्यावर मेण लावलेल्या दोऱ्याचे अकरा वेढे, शेवटची गाठ आत दडवलेली. हा दोरा पुस्तकावर पन्नास वर्षं हलत नाही. पण पुस्तक तापत नाही. दुसऱ्या दिवशी मेण वितळलं, दोरा सैल पडला, आणि उतारावर स्टिअरिंगपाशी तुझी वहिनी होती.

हे आज कळलं, असं लिहिणार होतो. एका कागदावर लिहिलंही. तो फाडला. त्या दिवशी इस्पितळातून मी आधी गाडीपाशी गेलो होतो. वाकलेल्या बॉनेटच्या फटीतून हात घातला. दोरा लोंबत होता. पाइपाचं काम काय ते मला ठाऊक नव्हतं, पण दोरा माझा आहे हे ठाऊक होतं. मी तो पुन्हा आवळला. मग तुझ्याकडे आलो. पुढे पत्रा सरळ करणाऱ्यालाही इंजिनाला बोट लावू दिलं नाही.

तुझा राग चौदा वर्षं जिवंत ठेवायला मला फार मेहनत पडली. तू चोर नव्हतास, म्हणून जास्त पडली. आजही तू त्या कार्डावर एक टोमणा मारून बरोबर निघालास, आणि ते मला झटक्याहून जास्त लागलं.

सकाळी वहिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पेडल दगड झालं होतं, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं?" मी म्हटलं, पुष्कळदा. तिने भाजी बाजूला सारली आणि फोनकडे जायला काठी घेतली. मी म्हटलं, थांब, हे मला लिहू दे. ती उभ्यानेच म्हणाली, "जेवणाआधी लिहा. नंतर तुम्ही झोपता."

पट्टी आणि दोरा पाकिटात घातले आहेत. तुझ्या मालकाला दाखव. त्याला दाखवून भागत नसेल, तर मी येऊन त्याच्यासमोर बोलेन. त्या सहांपैकी चार जण अजून याच गल्लीत आहेत. खरं काय ते सांगायला त्यांच्याकडे आज संध्याकाळी जाणार आहे, कोणी सांगितलं म्हणून नाही. माफी मागत नाही. तू ती लगेच देशील, आणि तुझा तो मोठेपणा मला उरलेला जन्म सोसावा लागेल.

नवा पाइप मी बसवणार नाही. माझ्या हाताला ते काम नाही.

लोभ असावा, असं लिहायचा हक्क मला उरलेला नाही. बॉनेट उघडं ठेवलं आहे.

दादा