करंजासमोरची खिडकी

३ फेब्रुवारी, कराड

उपटलं! करंजाचं झाड मुळासकट उपटलं. आज कुंडलला पोचले तर खोलीच्या पूर्वेला नुसता खड्डा.

खोलीचा नकाशा काढताना सहा महिने त्या झाडापायी घालवले होते मी. जागा सुभेदार नाथाजींची. बायको रंगूबाई गेल्या, त्यांच्या नावानं गावाला एक खोली द्यायची होती — कुणीही यावं, गप्प बसावं, जावं. देव नाही, फोटो नाही, पंखासुद्धा नाही. शेतात भांगलण करून, तण काढून दमल्या की रंगूबाई त्या करंजाखाली टेकायच्या. म्हणून एकच खिडकी काढली, खाली बसल्यावर अख्खं झाड दिसेल अशी.

"सातारला गेलतो, माघारी आलो तर ह्ये!" नाथाजी म्हणाले. "झाड हाय म्हणून खोली हाय, आसं तुमीच म्हणला व्हता न्हवं बाई?"



आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस सांगलीला होते. काम माझ्या भागीदारावर, वरदवर सोपवलं होतं.

४ फेब्रुवारी

वरद सकाळीच कुंडलला जाऊन आला. विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "माझ्या देखरेखीत झालं." बस्स, एवढंच! त्याला झाडाच्या जागी पार्किंग हवं होतंच, पहिल्या दिवसापासून. माझी पाठ वळायचा अवकाश! अकरा वर्षं टेबलाला टेबल लावून बसलो आम्ही. तोंडावर म्हटलं — तू दगा दिलास. नुसता चष्मा पुसत राहिला.

५ फेब्रुवारी

जेवण जाईना.

९ फेब्रुवारी

वरद गेला. साताऱ्यात दुसरं काम बघतो म्हणे. ऑफिसच्या पाटीवरचं त्याचं नाव मी स्वतः खरवडलं. नखं दुखतायत अजून.

परक्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडून विसरले असते. पण वरदनं? आईसाठी सांगलीला डबा घेऊन आलेल्या वरदनं? डबा देताना डोक्यात हेच होतं का त्याच्या! रडू येतं आणि रडूचाही राग येतो.

१६ फेब्रुवारी

नाथाजींचा फोन. "खिडकी बुजवून टाका. खड्डा बघायला कोन बसंल?"

म्हटलं, थांबा, उद्या येते. उत्तरेला ओढा आहे, खिडकी तिकडे काढता येईल.

१७ फेब्रुवारी

मापं बघायला जोतीराम गवंड्याकडे जुना नकाशा मागितला. देईना. शेवटी हातातून ओढून घेतला.

खिडकीसमोर माझंच अक्षर — 'इथे सगळं मोकळं हवं.'

सिमेंटची पोती, सळया रचू नका, एवढंच म्हणायचं होतं मला!

"मग आमी केलं की मोकळं," जोतीराम म्हणाला. "वरदसायबांनी चार तारखंलाच बगितलाय ह्यो कागद. म्हणले, बाईस्नी दावू नगा."