डाव्या बाहीवरच्या सात ओळी

तीर्थरूप आईला दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवतो, तेव्हा ते विचारू नकोस.

काल शाळेत गणित दिन झाला. माझ्या दुसरीच्या पोरांना म्हटलं, वर्गात आकड्यांचा क्रम शोधा. त्यांनी तू विणलेला माझा स्वेटरच धरला. मला भोवऱ्यासारखं फिरवून लाल पट्ट्यांच्या ओळी मोजल्या: दोन, चार, सहा, आठ. डाव्या बाहीवर मात्र दोन, चार, सहा, सात!

"सर, तुमच्या आईचं चुकलं!" एक चिमुरडी ओरडली.

मी ऐकून घेतोय होय? म्हटलं, "मुद्दाम केलंय. दृष्ट लागू नये म्हणून."

झालं! मुख्याध्यापिका बघायला आल्या, तर पोरांनी बनवलेल्या आकड्यांच्या प्रत्येक तक्त्यात मुद्दाम एकेक आकडा चुकीचा. "दृष्ट लागू नये म्हणून!" सगळा वर्ग एका सुरात. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच लागायची.

पण आई, एका चुकलेल्या टाक्यासाठी अख्खी बाही उसवणारी तू, तुला ही ओळ दिसली नाही? डोळे दाखवलेस का? बाबा फोनवर नुसतं "सगळं छान" म्हणतात.

आधी डॉक्टरांकडे जा. आणि स्वेटर दुरुस्तीला परत मागू नकोस, मी देणार नाही.

सातही ओळींच्या उबेत,
तुझा धाकटा