दुसरं कडवं

गुरुवार, दुपारी अडीच

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. चिमणीला गोड पापा. आईचा गुडघा आता बरा आहे, सकाळी कोपऱ्यापर्यंत चालून येते. माझा घसा बसलाय, बाकी ठीक.

गाणं ऐकलंस ना? नाही म्हणायची सोयच नाही. केस कापायच्या दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडे तेच. परवा एक नवराबायको भेटले. ‘आम्ही लग्नात तुमच्याच गाण्यावर नाचलो,’ म्हणाले. ‘जाशील तिथे मी येईन गं, दाराशी पाऊल होईन गं.’ मुलाखतीत विचारतात, हे नक्की कोण कुणाला म्हणतंय? मी हसून सांगते, ज्याला जसं वाटेल तसं.

तुला मात्र पहिल्याच ओळीला कळलं असेल. तू घर सोडलंस तेव्हा जिन्याच्या कठड्यावरून तो हेच ओरडला होता. तुझी बॅग माझ्या हातात होती. शब्द डोक्यातून जाईनात, म्हणून चालीत बसवले. तुला विचारायला हवं होतं.

सोमवारी दुपारच्या कार्यक्रमानंतर भावोजी आले. (अजून तोंडात तेच येतं, काय करू!) हातात फुलं. ‘माझं वाक्य छान गायलीस,’ म्हणाले.

‘दुसरं कडवंही झकास आहे. खाली छापखाना खडखडतो, वर निळी खिडकी जागते. स्टेशनजवळचा छापखाना का गं?’

‘छे, तो नाही,’ मी म्हणाले.

ताई, एवढंच. तीन शब्द.

‘म्हणजे आहे कुठला तरी,’ म्हणाले, आणि फुलं खुर्चीवर ठेवून गेले.

रेकॉर्डिंगच्या दिवशी कडवं अडलं होतं, सगळे ताटकळले होते, आणि तुझी खोली डोळ्यांसमोर आली. मी गाऊन टाकली.

सोमवारपासून मी तुला काहीच कळवलं नाही. वाटलं, छापखाने काय कमी आहेत? खरं सांगू, तू काय म्हणशील याचीच भीती होती. काल स्टेजवर बोलूनच टाकलं, ‘हे प्रेमगीत नाही, धमकी आहे.’ कुणीतरी शिट्टी मारली आणि अख्खा हॉल गायला लागला. तिसऱ्या रांगेत तोही. टाळ्या वाजवत, माझ्याकडे बघत.

आज सकाळी त्याने आमच्या गिटारवाल्याला फोन केला. पोस्टर छापायची आहेत म्हणे, स्टेशनजवळचा सोडून कुठले छापखाने आहेत? आणि त्या भोळ्याने दोन सांगितले. त्यातला एक तुझ्या खोलीखालचा.

तू जवळ फोन ठेवत नाहीस, म्हणून आमचा ड्रमवाला हे पत्र हाती घेऊन येतोय. खाली गाडी सुरूच ठेवेल. भांडीकुंडी राहू दे. चिमणीची औषधं आणि कागदपत्रं घे नि नीघ. मी पोलीस चौकीत जाते आहे. दोनदा तिथल्या दारातून परत आले, आज आत जाईन.

कुठे जातेस ते मला कळवू नकोस, आईलाही नको. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ती म्हणते ते खरंच आहे. मला कुणी विचारलं, तर खरोखरच माहीत नसू दे.

रागावली असशील तर रागावूनच नीघ. पण नीघ.

तुझी,
तुझं घर जगाला गाऊन सांगितलेली,
धाकटी