धाकट्या भावाच्या हातांबाबत

मी, खाली अंगठा उठवणारा, वय एकोणसाठ, धंदा केशकर्तन, मानेखाली निकामी पण डोक्याने ठणठणीत, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. मी शुद्धीत आहे की नाही हे पाहायला डॉक्टरांनी मला तारीख आणि वार विचारला. मी दोन्ही सांगितले, शिवाय त्यांचा डावा कल्ला उजव्यापेक्षा खाली उतरला आहे हेही सांगितले. तेव्हा कोणी शंका काढू नये.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातले सगळे सामान बायकोला. मला कुशीवर वळवताना तिने एकदाही कपाळाला आठी घातलेली नाही. घरावर कोणी हक्क सांगायला आले तर तिने खुशाल तोंडावर दार लावावे.

२. मानेची फुगवायची उशी मेव्हण्याला. दोन वर्षांपूर्वी माझी बोटे बधिर होऊ लागली, शर्टाची बटणे लागेनात, चालताना पाय अडखळू लागले. डॉक्टरांनी तपासणी करून सांगितले की मानेच्या मणक्यांमधली वाट अरुंद झाली आहे, आत मज्जारज्जूवर दाब येतो आहे. ऑपरेशन करून घ्या, नाहीतर एखादा साधा धक्काही हातपाय घेऊन जाईल. मेव्हणा म्हणाला, ऑपरेशन केलेस तर खाटेला खिळशील, ही उशी वापर. मलाही तेच ऐकायचे होते. जन्मभर लोकांच्या मानेवर वस्तरा चालवला, पण स्वतःच्या मानेवर दुसऱ्याला काही चालवू द्यायची छाती झाली नाही. आता खाटेलाच खिळलो आहे, तेव्हा उशी ज्याची त्याला परत.

३. दुकान, दोन्ही खुर्च्या, आरसे, वडिलांचा वस्तरा आणि धार लावायचा चामडी पट्टा धाकट्या भावाला. वडील लवकर गेले, त्याला धंदा मीच शिकवला. पण मान मोकळी करावी तर त्यानेच. एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागे, एक हलका झटका, कट्. गिऱ्हाईक सुखाने डोळे मिटते. माझ्या मानेला मात्र तसे करायचे नाही, हे मी त्याला बजावले होते आणि तो ते कसोशीने पाळत होता.

त्या संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी त्याने नेहमीसारखी माझी दाढी केली. शेजारचा पेपरवाला दारात उभा राहून काहीतरी विनोद सांगत होता. धाकटा हसत होता. हसता हसता त्याने टॉवेल काढून माझ्या मांडीवर टाकला आणि त्याच्या हातांनी पुढचे काम उरकले. दाढीनंतर मान, हेच ते हात वर्षानुवर्षे करत आले होते, त्यांना कोण आठवण करून देणार? कट् झाले. मांडीवरचा टॉवेल मला जाणवेना.

"दादा, लागलं का?" त्याने विचारले.

"माझं वाटोळं केलंस तू," मी म्हणालो.

४. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही. मात्र धाकट्याला बोललेले वरील वाक्य मी या लेखाने रद्द करत आहे. धक्का त्याच्या हातून बसला, पण वाट अरुंद आहे हे कळूनही ती मी तशीच राहू दिली. या बाबतीत कोणीही, विशेषतः मेव्हण्याने, धाकट्याला चकार शब्द बोलू नये. बोलल्यास उशीसुद्धा मिळणार नाही.

५. त्या दिवसापासून त्याने कात्री हातात घेतलेली नाही. दुकानाला कुलूप आहे. रोज सकाळी तो येतो, पायरीवर बसतो, बायकोकडे माझी चौकशी करतो आणि निघून जातो. त्याच्या चपला वाजल्या की मला रडू येते, आणि डोळे पुसायलाही दुसरे माणूस लागते.

म्हणून हे कलम माझ्या मृत्यूनंतर वाचायचे नाही. उद्या सकाळी तो पायरीवर बसला की बायकोने दार सताड उघडून मोठ्याने वाचावे:

अरे, वहिनी जीव लावून दाढी करते, पण तीन ठिकाणी कापलंय तिनं. मी मेल्यावर माझी शेवटची दाढी तू करशीलच, पण तेव्हा मला ती कळणार नाही. चेहरा तेवढा अजून शाबूत आहे. वस्तरा कपाटात आहे. आत ये. हात थरथरले तरी चालेल, मी हलणार नाही.

अंगठा: माझा. बायकोने धरून टेकवला.

साक्षीदार: १. उपचार करणारे डॉक्टर. २. दुकानाशेजारचा पेपरवाला. विनोद सांगणारा तो हाच; त्याच्यावरही राग नाही.

लेखनिक: समोरच्या घरातले निवृत्त मास्तर.

ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळची खाट. दिनांक: आठ फेब्रुवारी.