नवव्या शब्दाला थांबलेली मोजणी

गुरुवार, २० फेब्रुवारी

देवाशी घासाघीस! आणि तीही इतकी पक्की, की वहीत उतरवून ठेवल्याशिवाय झोप यायची नाही.

प्रार्थनाघरातल्या मास्तरांच्या संध्याकाळच्या वर्गात आज सदोम शहराची गोष्ट निघाली. आमच्या हिब्रू शास्त्रातली. देव शहर भस्म करायला निघालेला, अब्राहाम मधे उभा. पन्नास भली माणसं सापडली तर सोडशील? सोडीन. पंचेचाळीस? चाळीस? तीस, वीस – शेवटी दहा! इतकी वर्षं कुलुपं विकतोय. असं गिऱ्हाईक दुकानात आलं असतं तर मी गल्लाच त्याच्यापुढे ठेवला असता.

पण दहावरच का थांबला? पाचावर का नाही आणलं? – मी विचारलं.

मास्तर म्हणाले, "शास्त्रातले आकडे नुसते मोजायचे नसतात. सात म्हणजे पुरं झालेलं. आठ म्हणजे त्याच्या पलीकडचं, म्हणून मुलगा आठव्या दिवशी सुंता होऊन देवाच्या करारात येतो. चाळीस म्हणजे कसोटी – चाळीस दिवस पाऊस, चाळीस वर्षं रानात. आणि दहा म्हणजे समाज. दहाच्या खाली नुसती माणसं, म्हणून दहा पुरुष जमल्याशिवाय प्रार्थना नाही."

शिंपी म्हणाला, "मग आम्ही नऊच जमतो त्या दिवशी आम्ही कोण?"

"दहाव्याच्या नावाने बोटं मोडणारे," मास्तर म्हणाले. घड्याळजी हसता हसता खुर्चीवरून घसरला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आजचा धक्का – दहाचा नियम कोणावरून काढलाय? संतांवरून नाही. मोशेने बारा हेर पाठवले, त्यातल्या दहांनी परत येऊन भलभलतं सांगितलं आणि सगळ्यांचा धीर खचवला. त्या दहांना शास्त्र 'समाज' म्हणतं! शिंपी खूश. "म्हणजे आपण काठावर पास."

आणि माणसं एक, दोन करून मोजायची नाहीत, हे लहानपणापासून पाहतोय. कारण आज कळलं. दावीद राजाने प्रजा मोजली आणि साथ आली. सत्तर हजार गेले. म्हणून मास्तर दहा शब्दांचं एक वचन पुटपुटतात – आधी स्वतःसाठी एक शब्द, मग डावीकडून प्रत्येकाला एकेक. दहावा शब्द माझा. दाराजवळ शेवटी मीच बसतो ना! मान खाली, ओठ जेमतेम हलतात, पण माझे कान तिखट. कुलपातली खिट्टी पडल्याचा आवाज भिंतीपलीकडून ओळखतो मी.

सोमवार, ३ मार्च

आजचं लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

सकाळी प्रार्थनाघरात बरोबर दहा होतो. मास्तर उशिरा आले, कोट उलटसुलट घातलेला. मान खाली घातली, पुटपुटले. मी ऐकत होतो. नवव्या शब्दाला थांबले! माझ्या दिशेने पाहिलं आणि म्हणाले, "एक कमी आहे."

शिंपी म्हणाला, "अहो, दहा आहोत की."

"नाही. नऊ." किल्ली दाराशी, माझ्यापुढे ठेवली आणि निघून गेले. प्रार्थना झालीच नाही. कोणी कोणाकडे बघेना. एकेक जण चपला घालून निघाला.

मला दहावा शब्द मिळाला नाही. मला! ज्याने छप्पर घातलं, दाराला कुलूप बसवलं, चाळीस वर्षं तीच जागा धरली. पाप केलं असतं तरी सोडलं नसतं – पापी माणूसही मोजतात, हेरांची गोष्ट ताजी आहे. सोडतात तो फक्त परका. आणि आम्हा यहुद्यांत परका की आपला, हे आईवरून ठरतं.

दुकान उघडलंच नाही. सरळ आत्याकडे. नव्वदीची आहे, वडिलांची बहीण, जुनं माहीत असलेली ती एकटीच उरली. लोकर गुंडाळत बसली होती. मी दारातूनच म्हटलं, "आत्या, मास्तरांनी आज मला मोजलं नाही. मी आपला आहे ना?"

तिने गुंडा खाली ठेवला.

"सांगितलं वाटतं मास्तराने. त्याला कोणी सांगितलं?"

ती सांगत गेली, बाजाराची यादी सांगावी तशी. "सूतिकागृहात शेजारच्या खाटेवरची बाई गेली. तिचं पोर रडत होतं. वहिनीचं रडलंच नाही. रडलं नाही म्हणजे – कळलं ना? वहिनी म्हणाली, इकडे द्या ते. दिलं. कोणाला विचारायचं होतं? आठव्या दिवशी विधी केला, पैसे असते तर गावभर पेढे वाटले असते इतका आनंद! दादाने मला शपथ घातली."

"ती बाई कोण होती?"

"नाव नाही विचारलं रे. आपल्यातली नव्हती, एवढं नक्की. हात मात्र खरखरीत होते. कामाचे."

मी माझे हात पाहिले.

आत्या म्हणाली, "जेवून जा." जेवलो. काय जेवलो आठवत नाही.

मंगळवार, ४ मार्च

शिंप्याकडून कळलं – मास्तरांचा धाकटा भाऊ काल पहाटे गेला. शेजारच्या गावी. संध्याकाळी पुरला. आता शोकाचे सात दिवस मास्तर घरात जमिनीवर बसणार. मी कालपासून त्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोललोय!

बुधवार, ५ मार्च

मास्तरांकडे गेलो नाही. बायकोला म्हटलं, गुडघा धरलाय. ती म्हणाली, "तोंडावरून गुडघा वाटत नाही."

गुरुवार, ६ मार्च

घड्याळजी दुकानात येऊन धरूनच घेऊन गेला. "नऊ आहोत. मास्तरांना भावासाठी प्रार्थना म्हणायची आहे, दहाव्याशिवाय म्हणता येत नाही. चला, गुडघा तिथे दाबून देतो."

शोक असलेल्या घरात पाहुण्याने आधी बोलायचं नसतं. बरं झालं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. आरशावर चादर टाकलेली. मास्तर पातळ गादीवर, दाढी वाढलेली. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वर पाहून म्हणाले, "त्या दिवशी तू रागावलास. मला दिसलं, पण बोलण्याचं त्राण नव्हतं. रीतच आहे – घरातलं माणूस गेलं की पुरेपर्यंत जवळच्याला मोजायचं नाही. मी स्वतःला सोडलं. पहिला शब्द डावीकडच्याला दिला."

पहिला! मी शेवटचा मोजत बसलो होतो आणि त्यांनी पहिला माणूस गाळला होता. नववा शब्दच माझा होता. माझ्या तिखट कानांनी माझंच घर फोडलं! तोंड बंद ठेवून बसलो असतो तर मरेपर्यंत दहावा राहिलो असतो.

मी काही म्हणायच्या आत मास्तर म्हणाले, "आज तू मोज. मी खाली बसलोय, मला नुसते पाय दिसतायत. पाय मोजले तर वीस होतील."

लोक हसले. शोकाच्या घरात हसू आलं की सगळ्यांना जरा श्वास मिळतो. आणि मी मोजायला लागलो. मास्तरांपासून – पहिला शब्द. शिंपी, त्याचा भाऊ, घड्याळजी, बाकीचे. नववा शब्द झाला. दहावा जिभेवर होता. एक शब्द! कोणाला कळणार होतं? आत्या मेली तरी सांगणार नव्हती. समोर म्हातारा भावासाठी थांबलेला.

"मास्तर, नऊच."

शिंपी ओरडला, "स्वतःला मोजा हो शेठ!"

"मोजता येत नाही. माझी आई आपली नव्हती. सोमवारी कळलं."

मास्तरांनी गादीचा सुटलेला दोरा ओढला. मग म्हणाले, "तिघा जाणकारांसमोर पाण्यात बुडी मारायची, करार स्वीकारतो म्हणायचं, की माणूस आपला. होतं. पण वेळ लागतो."

"तोवर?"

"तोवर नऊ."

प्रार्थना झाली नाही. मी माझ्या हाताने त्यांच्या भावाची प्रार्थना हुकवली. दारापर्यंत पोहोचवायला ते उठू शकत नाहीत. नुसतं म्हणाले, "उद्याही ये. बसायला दहा लागत नाहीत."

रस्त्यात शिंपी, घड्याळजी, कोणीच माझ्याबरोबर चाललं नाही. सगळ्यांना एकदम कामं आठवली. चाळीस वर्षांचे सोबती! मी एकटा घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी लग्न तुमच्याशी केलं, त्या खाटेशी नाही." मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

शुक्रवार, ७ मार्च

दुकान उघडलं, तर शिंपी पायरीवर बसलेला. आत आला, दार ओढून घेतलं. कपाळावर घाम. म्हणाला, "शेठ, सोमवारी मास्तर थांबले तेव्हा मला वाटलं, मलाच सोडलं. माझ्या आईच्या आईचं... तुमच्यासारखंच आहे. मला लहानपणापासून माहीत होतं. भावालाही."

त्याला पाणी दिलं. दार परत वाजलं.

घड्याळजी होता. त्यानेही आत येऊन आधी कडी घातली.